बंदीला भिंत हवी: दिघीचे फलक, लोकलचे फलाट आणि प्रवाशाचा कॅमेरा

१/
आळंदीहून पुण्याकडे येताना वाटेत दिघी लागते. रस्त्याच्या कडेने लष्करी हद्दीची भिंत, तिच्यावर तारेचे कुंपण आणि फलक: छायाचित्रणास सक्त मनाई. दिघीतल्या शाळकरी मुलालाही हा फलक पाठ असतो. पण हाच दिघीकर दापोडी वा कासारवाडीच्या फलाटावर उभा राहून येणाऱ्या लोकलसमोर मोबाइल उचलतो, तेव्हा तो गुन्हा करतो आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. बहुतेक वेळा त्याला हटकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. हा धागा त्या फरकाविषयी आहे.

२/
प्रथम लष्कराची बाजू. दिघीत डीआरडीओची ‘आर अँड डीई’ ही अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. नदीनाल्यांवर झटपट टाकता येणारा ‘सर्वत्र’ हा लष्करी पूल तिथलाच. शेजारी खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आणि १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे देहूरोडला आयुध कारखाना. पुणे–लोणावळा लोकल या साऱ्यांच्या मधून धावते. त्यामुळे या पट्ट्यात कॅमेऱ्याविषयी वाटणारी सावधगिरी निराधार म्हणता येत नाही.

३/
तरीही दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे जाते. त्या दिवशी दिघीत हजारो मोबाइल हवेत असतात. भिंत तीच, फलक तेच, पहारेही तेच. कुणी घाबरत नाही आणि कुणाला पकडावेही लागत नाही. कॅमेरा कुठे वळवायचा आणि कुठे नाही, हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. मनाईला हद्द असली की श्रद्धा, हौस आणि सुरक्षा एकाच रस्त्यावर नांदू शकतात.

४/
रेल्वेला मात्र अशी हद्द आखून मिळाली नाही. याची मुळे तिच्या जन्मात आहेत. लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात हिंदुस्थानातील लोहमार्गांचे समर्थन करताना व्यापाराइतकाच भर सैन्याच्या वेगवान हालचालींवर दिला होता. खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. त्या वेळी १८५७ चा उठाव पुरता शमलाही नव्हता. आजची लोणावळा लोकल ज्या मार्गावर धावते, तो जन्मापासूनच प्रवाशांचा होता आणि पलटणींचाही.

५/
गंमत अशी की या मार्गाचे छायाचित्रण सर्वांत आधी झाले ते अभिमानापोटी. बोरघाटाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. ते काम त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने पुढे नेले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. घाटाच्या बांधकामाची जुनी छायाचित्रे तिच्याच नावाने ओळखली जातात.

६/
एका टप्प्यावर त्या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. रोगराई आणि अपघात यांनी त्यांच्यातील हजारो माणसे नेली. त्यांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत. ते डोंगर, ते अर्धवट कमानपूल आणि त्यांच्याखाली उभी असलेली लहानशी माणसे आज दिसतात ती कुणीतरी काच तयार करून, कॅमेरा लावून टिपली म्हणूनच. कंपनीच्या कागदपत्रांत खर्चाचे आकडे सापडतात, माणसे सापडतात ती चित्रांत.

७/
मनाईचा कायदा नंतरचा. शासकीय गुपिते अधिनियम पहिल्यांदा १८८९ मध्ये आला, आणि आज लागू असलेला कायदा १९२३ चा आहे. त्यातील ‘रेखाचित्र’ या शब्दाच्या व्याख्येतच छायाचित्राचा समावेश आहे. ‘निषिद्ध स्थान’ म्हणजे काय, हेही तो सांगतो. सरकारी शस्त्रागारे, लष्करी छावण्या, गोद्या इत्यादी स्थाने थेट त्या व्याख्येत बसतात. रेल्वे, रस्ते, जलमार्ग यांच्याबाबत अट वेगळी आहे: शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती तिथे आहे म्हणून केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते स्थान निषिद्ध ठरवलेले असावे लागते.

८/
याचा अर्थ सरळ आहे. दिघीची भिंत आणि दापोडीचा फलाट कायद्याच्या नजरेत एक नाहीत. शिवाय कलम ३ मध्ये राष्ट्राच्या सुरक्षिततेला वा हितसंबंधांना बाधक असा हेतू अपेक्षित आहे. पण त्याच कलमात हा हेतू माणसाच्या वागणुकीवरून आणि परिस्थितीवरून गृहीत धरण्याची मुभाही दिलेली आहे. परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी ठेवलेली ही पळवाट आजही शाबूत आहे. म्हणूनच स्थान कोणते, हा प्रश्न काटेकोरपणे विचारला गेला पाहिजे.

९/
तो प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेलाही. वर्धा येथील एका प्रकरणात पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. ‘निषिद्ध स्थाना’ची व्याख्या परिपूर्ण आहे आणि तिच्यात पोलीस ठाणे नाही, असे न्यायालयाने म्हटले. व्याख्येत नसलेली जागा कुणाच्या मर्जीने तिच्यात घालता येत नाही, हे तत्त्व फलाटावरच्या प्रवाशालाही मोलाचे आहे.

१०/
मग फलाटावर कायदा काय म्हणतो? १९८९ च्या रेल्वे अधिनियमात रेल्वे हद्दीत अनधिकृत शिरण्यासाठी कलम १४७ आहे आणि प्रवाशांचा जीव धोक्यात घालण्यासाठी कलम १५३ आहे. फलाटावर उभे राहून गाडीचे छायाचित्र काढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून त्यात लिहिलेला नाही. व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवानगी आणि शुल्क लागते. उरलेला कारभार परिपत्रके, प्रसंगोपात्त काढलेले इशारे आणि समोरच्या शिपायाची समजूत यांवर चालतो. मे २०२५ मध्ये भारत–पाकिस्तान तणावाच्या काळात पूर्व रेल्वेने स्थानकांवर चित्रीकरण करणाऱ्यांना इशारा दिला. तणाव निवळतो, पण असे इशारे कधी संपले, हे प्रवाशाला कुणी सांगत नाही.

११/
या अस्पष्टतेतून एक वाक्य जन्माला येते: ‘फोटो डिलीट कर आणि चालता हो.’ या वाक्यात कायद्याचा अंशही नाही. छायाचित्र काढणे गुन्हा असेल, तर ते छायाचित्र पुरावा ठरते. ते पुसायला लावणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. गुन्हा नसेल, तर पुसायला लावण्याचा अधिकारच उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार तर झडती आणि जप्तीचेही दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. राज्यसंस्था स्वतः कॅमेऱ्याला साक्षीदार मानू लागली असताना प्रवाशाचाच कॅमेरा संशयित का ठरावा?

१२/
यावर दिले जाणारे उत्तर गंभीर आहे आणि ते टाळता येणार नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. या शहरांना भीतीची कारणे मिळालेली आहेत. पण त्याच २६ नोव्हेंबरच्या रात्री छायाचित्रकार सेबास्टियन डिसोझा त्या स्थानकात शिरले. त्यांनी टिपलेले कसाबचे छायाचित्र जगाने पाहिले आणि पुढे न्यायालयात त्यांची साक्षही झाली. हल्लेखोराची ओळख पटवणारा पुरावा कॅमेऱ्यानेच दिला.

१३/
छंद आणि हेरगिरी यांची गल्लत केल्याने काय होते, याचा धडा ग्रीसने दिला आहे. विमानांचे निरीक्षण आणि नोंदी हा छंद जोपासणारे काही ब्रिटिश आणि डच पर्यटक २००१ मध्ये कालामाता येथील हवाई तळाजवळ पकडले गेले. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. एक देश वर्षभर वह्या बाळगणाऱ्या छांदिष्टांमागे खटला चालवत बसला. त्याने सुरक्षा वाढली, असे कुणी म्हणणार नाही.

१४/
शिवाय छांदिष्ट नसतील, तर रेल्वेची स्मृती कोण राखणार? पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. पिंपरी–चिंचवडच्या कारखान्यांतील पाळ्या, कामशेत–वडगावचे दूधवाले, आकुर्डीचे विद्यार्थी यांचे रोजचे जग तिच्या डब्यांत आहे. मुंबईत एकदिश प्रवाहावरची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली, तेव्हा तिला निरोप द्यायला छांदिष्ट कॅमेरे घेऊन जमले होते. चित्तरंजनला बनलेले पहिले विद्युत इंजिन ‘लोकमान्य’ संग्रहालयात जपले गेले. सामान्य डब्यांना आणि त्यांतल्या माणसांना संग्रहालय मिळत नाही. त्यांचा अभिलेख म्हणजे प्रवाशाचा मोबाइल.

१५/
याचा अर्थ सगळेच माफ, असा होत नाही. रुळांवर उतरून, दाराला लटकून केलेली रील ही जिवाशी खेळ आहे आणि तिच्यावर कठोर कारवाई व्हावी. गर्दीत झोपलेल्या, अवघडलेल्या सहप्रवाशाचे, विशेषतः स्त्रियांचे, नकळत केलेले चित्रीकरण हा तर त्यांच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. लष्करी सामान वाहणारी मालगाडी फलाटाशेजारी उभी असेल, तर कॅमेरा खाली गेलाच पाहिजे. खरी हानी इथे आहे. संदिग्ध बंदी मात्र नेमकी या तिघांना सोडून फलाटाच्या टोकाला शांतपणे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला पकडते, कारण तो सहज सापडतो.

१६/
उपाय खर्चिक नाही. खडकीपासून देहूरोडपर्यंत प्रत्येक स्थानकावर मराठीत एक फलक लावता येईल. फलाटावरून, हातातल्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता गाडी टिपण्यास मुभा. रूळ, सिग्नल कक्ष आणि लष्करी वाहतूक यांस मनाई. व्यक्तीचे चित्रण तिच्या संमतीनेच. खाली कायद्याचे कलम आणि तक्रारीसाठी क्रमांक. शिपायालाही याने आधार मिळेल. आज तोही अंदाजानेच हटकतो.

१७/
आणि शेवटी एक आठवण. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्या पुलावरच्या गर्दीबद्दल प्रवासी कित्येक महिने आधीपासून समाजमाध्यमांवर इशारे देत होते. ते वेळेवर ऐकले गेले नाहीत. आज ‘रेल मदद’ या सेवेवर तक्रार करताना रेल्वे स्वतःच प्रवाशाला छायाचित्र जोडू देते.

१८/
त्या दुर्घटनेनंतर नवा पादचारी पूल कुणी उभारला? लष्कराने. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी तो बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. दिघीच्या शेजारच्याच छावणीतील अभियंत्यांनी लोकलच्या प्रवाशांसाठी काम केले. छावणीची गुपिते जपली जावीत, त्यासाठी तिची भिंत समर्थ आहे. फलाटावर अशी भिंत नसेल, तर निदान एक स्वच्छ फलक असावा. प्रवाशाला गाफील ठेवणारी बंदी कुणाचेच रक्षण करत नाही.

(धागा समाप्त)