दिवाळें निघालेलें शहर आणि नवा कारभारी

व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें म्हणजे काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दुकानास टाळें लागतें, मालाचा लिलाव होतो, रुपयामागें जे चार-सहा आणे हातीं येतील ते घेऊन सावकार घरीं जातात, आणि त्या पेढीची पाटी बाजारांतून कायमची उतरते. शहराचें तसें होत नाहीं. शहरास टाळें लावतां येत नाहीं. दिवाळें जाहीर झालें त्याच रात्रीं रस्त्यावर दिवे लागावे लागतात, दुसऱ्या दिवशीं सकाळीं कचरा उचलावा लागतो, आणि कोठें आग लागली तर बंब धाडावाच लागतो. म्हणून दिवाळखोर शहर नव्या पुढाऱ्याच्या हातून सांवरतें काय, हा प्रश्न पेढीच्या मापानें मोजतां येत नाहीं.

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराचा अनुभव या कामीं फार बोलका आहे. १८ जुलै २०१३ रोजीं या शहरानें न्यायालयांत नादारीचा अर्ज केला. देणें सुमारें १८ अब्ज डॉलर. त्या देशांत कोणत्याही शहरानें तोंवर एवढी मोठी नादारी मागितली नव्हती. मोटारींच्या कारखान्यांनीं जगभर गाजलेलें हें शहर. १९५० सालीं तेथें साडेअठरा लाख माणसें राहत; २०१० सालीं सुमारें सात लाख चौदा हजार उरलीं. कारखाने उपनगरांत व परराज्यांत गेले, सुस्थितींतील गोरा वर्ग त्यांच्या मागोमाग गेला, आणि कर भरणारे निघून गेले तरी रस्त्यांची लांबी होती तेवढीच राहिली. कामावरील नोकरांच्या दुपटीहून अधिक लोक निवृत्तिवेतन घेणारे झाले. तें वेतन देण्याच्या निधींतील तूट भरण्यासाठीं शहरानें २००५ सालीं १ अब्ज ४० कोटी डॉलर कर्जाऊ उभे केले, आणि व्याजाच्या दराविषयीं असे करार करून ठेवले कीं २००८ नंतर दर कोसळतांच ते शहराच्याच गळ्याशीं आले. देणें भागविण्यासाठीं नवें देणें करणाऱ्या घराची गति काय होते, हें ज्यांनीं सावकारी पाहिली आहे त्यांस ठाऊकच आहे.

त्या काळचे नगराध्यक्ष क्वामे किलपॅट्रिक यांस पुढें २०१३ सालीं लांचलुचपतीच्या व इतर गुन्ह्यांबद्दल २८ वर्षांची शिक्षा झाली. ती २०२१ सालीं माफींत कमी करण्यांत आली. असा मनुष्य गेला म्हणजे शहर सुधारलेंच, असें कोणी म्हणेल. चोर तिजोरी रिकामी करील. अकरा लाख माणसें कांहीं तो पळवूं शकत नाहीं.

आतां नव्या नेतृत्वाविषयीं. डेट्रॉइटला तें एक नव्हे, दोन प्रकारचें मिळालें. मार्च २०१३ मध्यें राज्याच्या गव्हर्नरांनीं केविन ऑर या वकिलांस आणीबाणीचे कारभारी नेमलें व निवडून आलेल्या मंडळीचे अधिकार त्यांच्या हातीं दिले. ज्या कायद्यानें असा कारभारी नेमतां येई तो मिशिगनच्या मतदारांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें रद्द ठरविला होता. डिसेंबरांत विधिमंडळानें त्याच धर्तीचा दुसरा कायदा करून टाकला! लोकांनीं दारांतून घालविलेला पाहुणा खिडकीतून आंत घेण्याचा हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तरी हेंहि कबूल केलें पाहिजे कीं, ज्यास पुढच्या निवडणुकींत मतें मागावयाचीं नव्हतीं त्याच्याच हातून कर्जाची छाटणी झाली. लोकनियुक्त अध्यक्षानें ती केली असती काय, याबद्दल आम्हांस शंका आहे, आणि ही शंका लोकशाहीच्या कैवाऱ्यांस सुखावह नाहीं.

दुसरे माइक डगन. ऑगस्ट २०१३ च्या प्राथमिक निवडणुकींत त्यांचें नांव मतपत्रिकेवरून वगळलें गेलें होतें. मतदारांनीं तें आपल्या हातानें लिहून त्यांस पुढें आणलें. जानेवारी २०१४ मध्यें ते अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षीं १० डिसेंबर रोजीं शहर नादारींतून बाहेर पडलें. अर्ज झाला तेव्हां रस्त्यांवरील शेंकडा ४० दिवे बंद होते. २०१६ अखेर सुमारें ६५ हजार नवे दिवे लागले. २०१८ सालीं राज्याची सक्त देखरेख उठली. १९५७ नंतर प्रथमच लोकसंख्या वाढल्याचा अंदाज २०२३ सालासाठीं निघाला, आणि २०२४ सालीं शहराची पत पुन्हां गुंतवणुकीस योग्य ठरली. हें यश खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

पण त्याची किंमत कोणी दिली? न्यायालयानें सुमारें ७ अब्ज डॉलरांचें देणें पुसलें. रोखेवाल्यांनीं तोटा सोसला, तो धंद्यांतला होता. निवृत्त नोकरांची गोष्ट निराळी. सामान्य खात्यांतील निवृत्तांचें वेतन शेंकडा साडेचारनें कमी झालें, महागाईबद्दलची वार्षिक वाढ गेली, व आजारपणाच्या खर्चाची हमी बव्हंशीं गेली. शहराच्या कलासंग्रहालयांतील चित्रें विकून देणें वसूल करावें असा सावकारांचा आग्रह होता. तेव्हां कांहीं धर्मादाय संस्था, राज्य व संग्रहालयाचे हितचिंतक यांनीं २० वर्षांत सुमारें ८१ कोटी ६० लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. चित्रें वांचलीं व वेतनांतील कपात पुष्कळ हलकी झाली. ही उदारता स्तुत्यच. तथापि, ज्या २०१४ सालीं हें सारें ठरलें त्याच उन्हाळ्यांत थकबाकीसाठीं हजारों गरीब घरांचें पाणी तोडण्यांत आलें, हेंहि त्या इतिहासांत लिहिलें पाहिजे.

आमच्या देशांत नगरपालिकेनें नादारीचा अर्ज करावा असा कायदाच नाहीं. २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा कंपन्या, पेढ्या व व्यक्ती यांच्यासाठीं आहे. त्यामुळें आमच्या शहरांचें दिवाळें निघत नाहीं, ठेकेदाराच्या थकलेल्या बिलांत मुकाट्यानें बसून राहतें. वाचकांपैकीं ज्यांनीं नगरपालिकेस माल पुरविला असेल त्यांस तें कोठें बसतें हें विचारावें.

डेट्रॉइटला नादारीच्या तडजोडीप्रमाणें निवृत्तिवेतन निधींत भर घालण्यापासून बरींच वर्षें सवलत होती. ती २०२३ च्या सुमारास संपली व हप्ते पुन्हां सुरू झाले. जानेवारी २०२६ मध्यें मेरी शेफील्ड या अध्यक्षपदावर आल्या, त्या शहराच्या इतिहासांतील पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यांच्यापुढें आतां सुस्थितींतील शिलकेचा प्रश्न आहे, आणि शिल्लक दिसूं लागली कीं मोठ्या इमारतींचे नकाशे घेऊन येणाऱ्यांची दारीं रीघ लागते. आमचें मत असें कीं, त्या शिलकेवर पहिला हक्क ज्यांच्या साडेचार टक्क्यांवर ती उभी राहिली त्या म्हाताऱ्या नोकरांचा आहे. नकाशे घेऊन आलेल्यांनीं त्यांच्या मागें रांगेंत उभें राहावें.