कर्त्याचा राग पिकाला महाग

ओझर परिसरात ऑक्टोबरची गोडी बार छाटणी झाली की द्राक्ष बागायतदारांचा जीव टांगणीला लागतो. अवकाळी पाऊस आला, तर डावणी झपाट्याने पसरते. पानावरचा पहिला तेलकट डाग मुलाला किंवा मजुराला दिसतो. पण ‘नाना भडकतील’ या धास्तीने सांगणे लांबते आणि फवारणीला उशीर होतो. कर्त्याच्या रागाची किंमत अशी पिकाला मोजावी लागते.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोडगोड बोलणे नव्हे. सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती मांडली, ती भावना ओळखून हाताळण्याची क्षमता म्हणून. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधील प्रयोगात चित्रातील चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतील अमिग्डालाची सक्रियता कमी झालेली दिसली. म्हणून ओरडण्याआधी ‘मला कर्जाची काळजी वाटतेय’ असे म्हणून पाहावे.

घरच्या धंद्यात बापच मालक असतो. बागेतला वाद जेवणाच्या ताटापर्यंत येतो. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी ‘बरे झाले, लगेच सांगितलेस’ म्हणावे. चूक कोणाची, ते फवारणी झाल्यावर पाहता येते.