‘हो’ म्हणजे ‘नो’



इंग्रजीचा एक शब्दही न बोलता आख्खा शनिवार काढता येईल असा एक रस्ता शिकागोत आहे, तो म्हणजे आपला डेव्हन ॲव्हेन्यू. मेथीची जुडी निवडा, तांदळाचे पोते गाडीत टाका, ब्लाउज शिवायला द्या, भुवया कोरून घ्या, चाट खा, पान लावून घ्या आणि घरी या. दुकानदार गुजराती, गल्ल्यावरचा मुलगा हैदराबादचा, पलीकडे पाकिस्तानी हलवाई. आपण बोलतो ती मुंबईची हिंदी, आणि ती सगळ्यांना कळते. पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघाले आणि १९९१ साली रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असे मानाचे नावही मिळाले. आमच्या ओळखीच्या एक काकू मुलाकडे कायमच्या राहायला आल्या त्याला सहा वर्षे झाली. एवढ्या काळात त्यांची हिंदी सुधारली, गुजराती बऱ्यापैकी कळू लागली. इंग्रजी मात्र सांगलीहून जेवढे आणले तेवढेच आहे, कपाटातल्या घडी न मोडलेल्या शालूसारखे.

गंमत अशी की इंग्रजी शिकायची सोयही इथेच आहे. डेव्हनपासून चार पावलांवर, कॅलिफोर्निया ॲव्हेन्यूवर, इंडो-अमेरिकन सेंटर आहे. १९९० साली स्थापन झालेल्या या संस्थेत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचे आणि नागरिकत्वाच्या तयारीचे वर्ग चालतात. आणखी पुढे जायची तयारी असेल तर ट्रूमन कॉलेज. डेव्हनवरून १५५ नंबरची बस पूर्वेला लाल लाईनकडे नेते, तिथून गाडीने दक्षिणेला विल्सन स्टेशन, आणि स्टेशनाला लागूनच कॉलेज. हे शहराच्या सिटी कॉलेजांपैकी एक. बाहेरून आलेल्या प्रौढांना इथे इंग्रजी फुकट शिकवतात. आधी छोटीशी परीक्षा घेऊन पातळी ठरवतात आणि त्याप्रमाणे वर्गात बसवतात. जगभरची तरुण मुले हजारो डॉलर भरून, विद्यार्थी व्हिसा काढून, आठवड्याला अठरा-अठरा तास इंग्रजी शिकायला अमेरिकेत येतात. आपल्या घरातली माणसे इथेच राहतात, वर्ग फुकट आहे, आणि तरी जात नाहीत.

का जात नाहीत? पहिले उत्तर ठरलेले असते: “आम्हाला इंग्रजी येतं हो, बोलता येत नाही एवढंच.” हे उत्तर खोटे नाही. ही पिढी पाचवीला नाही तर आठवीला एबीसीडी गिरवलेली. (पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आले ते २००० साली.) तर्खडकरांची भाषांतरपाठमाला तोंडपाठ, काळ आणि प्रयोग पक्के, अक्षर आपल्या मुलांपेक्षा वळणदार. वर्गातल्या अमेरिकन बाईंनाही जे व्याकरण चटकन सांगता येणार नाही ते आमच्या निवृत्त मास्तरांना येते. पण त्या शाळेत इंग्रजी वाचायचे, लिहायचे आणि भाषांतर करायचे असे. इंग्रजीत कोणाशी बोलण्याचा प्रसंग मॅट्रिकपर्यंत आला नाही, पुढेही आला नाही. म्हणून पातळी ठरवताना ही मंडळी लेखी परीक्षेत वर जातात आणि तोंडी परीक्षेत गप्प बसतात.

पण बोलता न येणे ही लहान गोष्ट नाही. मध्यंतरी एका आजींबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो होतो. नर्सने विचारले, “यू डिडंट टेक युवर प्रेशर पिल धिस मॉर्निंग?” आजी ठामपणे म्हणाल्या, “येस.” नर्सने लिहून घेतले आणि ती गेली. आजींचे म्हणणे होते, “हो, बरोबर, नाही घेतली.” नर्सने ऐकले, “येस, घेतली.” पट्टा बांधून मोजले तर प्रेशर भलते चढलेले. गोळी घेऊनही एवढे असेल तर गोळीच वाढवायला हवी, अशा बेतात डॉक्टर होते. आम्ही मध्ये पडलो म्हणून प्रकरण तिथेच मिटले. चूक ना नर्सची, ना आजींची. मराठीत आपण विचारणाऱ्याच्या वाक्याला होकार देतो: “जेवला नाहीस?” “हो, नाही जेवलो.” इंग्रजीत उत्तर प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवर ठरते. घेतली नसेल तर “नो”, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. जपानी माणसांचीही हीच अडचण होते. हे कुठल्याही पाठमालेत ठळक करून दिलेले आम्ही पाहिले नाही. हे वर्गात, चारचौघांत, बोलून-चुकूनच कळते.

‘परवा’चेही तसेच. आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. दुखणे परवा सुरू झाले आणि परवा तपासणीला या, दोन्ही आपल्याला चालते, क्रियापद सांभाळून घेते. इंग्रजीत दोन्हींना वेगवेगळे शब्द, आणि तेही लांबलचक. तारीख लिहिताना इथे आधी महिना. ४/७ म्हणजे चार जुलै नव्हे, सात एप्रिल. आणि लिफ्टमध्ये ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला, हे कळेपर्यंत किती जण एक मजला वर जाऊन डॉक्टर शोधत बसले असतील!

सगळ्यात पंचाईत दुखण्याच्या शब्दांची. मराठीत दुखणे किती तऱ्हांनी सांगता येते! ठणकते, चमक येते, कळ जाते, जळजळते, हुळहुळते, मुरडा येतो, मुंग्या येतात, भोवंड येते. आपल्या माणसांच्या इंग्रजीत या सगळ्याचे एकच होते: ‘पेन’. डॉक्टरला तर नेमके तेच हवे असते. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, चमक म्हणजे शूटिंग, जळजळ म्हणजे बर्निंग, मुंग्या म्हणजे टिंगलिंग. एवढे चार शब्द आले तरी डॉक्टरचे निम्मे काम होते. शिवाय भारतातून आणलेले काही इंग्रजी शब्द इथे चालत नाहीत. ‘लूज मोशन’ म्हटले की समोरचा गोंधळतो, इथे डायरिया म्हणायचे. ‘ॲसिडिटी’ला हार्टबर्न. हॉटेलात बिल मागायचे नाही, चेक मागायचा. पार्सल नव्हे, टू गो. डिकी नव्हे, ट्रंक. एक ऐतिहासिक गंमत सांगून ठेवतो: आपल्या इलिनॉय राज्याने १९२३ साली कायदा करून आपली राज्यभाषा ‘अमेरिकन’ ठरवली होती, इंग्रजी नव्हे! १९६९ साली तो शब्द काढून ‘इंग्रजी’ घातला. दवाखान्यातल्या आजींना विचाराल तर १९२३ चा कायदाच बरोबर होता.

आता काही घरांत काय होते? आजींबरोबर नातू पाठवतात. अकरा वर्षांचा मुलगा, शाळा बुडवून, आजीचे पोटाचे, लघवीचे, नको त्या ठिकाणचे दुखणे डॉक्टरला सांगतो. त्याला मराठी अर्धी येते, लाज पूर्ण येते. आजी त्याच्यासमोर अर्धे सांगतच नाहीत. हे आम्हाला मुळीच पटत नाही, आणि कायद्यालाही पटत नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी रुग्णाला दुभाषी फुकट द्यायचा असतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही. फोनवर मराठी दुभाषी मिळू शकतो. वेळ ठरवतानाच “मराठी इंटरप्रिटर” असे स्पष्ट सांगा. हिंदीवर भागवू नका, भोवंड हिंदीत सांगताना निम्मी सांडते.

पण दुभाषी दवाखान्यापुरता. तो शेजारणीशी गप्पा मारायला येत नाही. चुकीच्या बसमध्ये बसलो तर ड्रायव्हरला विचारायला येत नाही. दुपारी घरात एकटे असताना स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा वाजू लागला आणि नऊ-एक-एक फिरवले, तर तिकडून पहिला प्रश्न इंग्रजीत येतो आणि पहिले उत्तर आपणच द्यायचे असते.

दुसरे उत्तर मुलांकडून येते: “आईला काय गरज? आम्ही आहोत ना!” हे प्रेमाने म्हटलेले असते, यात शंका नाही. पण आम्ही असे म्हणणारी घरे पाहिली आहेत, आणि त्या घरांतल्या आया सकाळी साडेसातला मुलगा-सून कामाला गेले की संध्याकाळी साडेसहापर्यंत दाराबाहेर पडत नाहीत. सांगलीत ज्या बाईने बँकेत मॅनेजरशी भांडून पासबुक दुरुस्त करून घेतले, ती इथे दारावर आलेल्या टपालवाल्याला पाहून पडद्याआड उभी राहते. तिला परावलंबी केले ते वयाने नव्हे. नातवंडांचे मराठी टिकावे म्हणून आपण रविवारच्या मराठी शाळा चालवतो, पुस्तके मागवतो, पन्नास मैल गाडी हाकतो. ते योग्यच आहे. पण त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या आजीला इंग्रजीच्या वर्गाला सोडायचे कोणाच्या डोक्यात येत नाही.

तिसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही: या वयात पोरांसारखे बाकावर बसायचे? इथे पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. संस्कृतमधल्या विद्वत्तेसाठी कलकत्त्याने ज्यांना ‘पंडिता’ म्हटले, त्या रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, कडेवर लहान मनोरमा होती, आणि इंग्रजी जेमतेम होते. आधी वाँटेजला आणि मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या इंग्रजी शिकल्या, आणि त्याच कॉलेजात संस्कृत शिकवतही होत्या. सकाळी शिकवायचे आणि दुपारी शिकायचे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक इथे छापून निघाले. चार वर्षांत जेमतेम इंग्रजीपासून पुस्तकापर्यंत! आपल्याकडून कोणी पुस्तक मागत नाही. टपालवाल्याशी बोलता आले तरी पुरे.

वर्गात बसल्यावर तो संकोच फार दिवस राहतही नाही. शेजारी मेक्सिकोच्या बाई, पलीकडे इराकचे गृहस्थ, मागे बर्माहून आलेले रोहिंग्या जोडपे. सगळ्यांचेच इंग्रजी मोडके, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. घरी बोलायला जीभ अडखळते, कारण तिथे नातू उच्चार सुधारतो. आपल्याला ‘व’ एकच. इंग्रजीला दोन आहेत, एक ओठाला दात लावून आणि एक ओठांचा चंबू करून. हे तोंडाचे कसरतीचे प्रकार नातवापुढे करवत नाहीत, अनोळखी माणसांत खुशाल करता येतात.

नागरिकत्वाचेही थोडे सांगायला हवे, कारण वर्गाला जायचे ते बऱ्याचदा निमित्त असते. १९९६ साली कायदा बदलला आणि नागरिक नसलेल्या वृद्धांची एसएसआयची मदत धोक्यात आली, तेव्हा देशभर अशा वर्गांना गर्दी उसळली होती. साधारणपणे ग्रीन कार्डाला पाच वर्षे झाली की अर्ज करता येतो. मुलाखतीत इंग्रजी बोलणे, एक वाक्य वाचणे आणि एक लिहिणे असते, शिवाय देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी प्रश्नावली लागू आहे: १२८ प्रश्नांतून वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. जुन्या, शंभर प्रश्नांच्या पुस्तिका घरात पडल्या असतील तर त्यावर विसंबू नका. वय पन्नास आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षे, किंवा वय पंचावन्न आणि पंधरा वर्षे झाली असतील तर इंग्रजीची अट नाही. प्रश्नांची उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. पासष्ट पूर्ण आणि वीस वर्षे असतील तर प्रश्नही थोडेच असतात. म्हणजे साठीनंतर आलेल्या आईवडिलांना ही सूट मिळेपर्यंत पंचाहत्तरी उलटते. तोवर वर्गच बरा.

व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्यांना मात्र नियमित अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. त्यांच्याशी घरातल्यांनी रोज अर्धा तास इंग्रजीत बोलावे, नातवाने उच्चार न सुधारता.

उपनगरांतल्या मंडळींना दर वेळी डेव्हन गाठायला नको. पॅलटाइनचे हार्पर कॉलेज, ग्लेन एलिनचे कॉलेज ऑफ ड्युपाज, डे प्लेन्स आणि स्कोकीचे ओक्टन, या सगळ्या ठिकाणी मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात. खरी अडचण गाडीची आहे. आजी-आजोबा गाडी चालवत नाहीत आणि सून दुपारी कामावर. एका भागातली चार घरे एकत्र आली तर आठवड्यातून एकेकाची एकच फेरी होते. थंडीत बर्फ पडायच्या आत जोड्या जमवलेल्या बऱ्या. कोणाला न्यायला जमेल आणि कोणाला जायचे आहे, ते आपापले गाव आणि सोयीचा वार लिहून कमिटीकडे द्यावे. जाणाऱ्याचे नाव मुलाने परस्पर देऊ नये, आईला विचारून द्यावे. आणि विचारताना “तुला जायचं नाही ना?” असे विचारू नये. त्या “हो” म्हणतील, आणि आपण काय समजायचे ते कळणार नाही.