शब्द सापडेपर्यंत

कात्री हवी असलेलं पाच वर्षांचं मूल दोन बोटांची उघडझाप करतं, ‘ते… कागद कापायचं ते’ म्हणतं आणि अडतं. कात्री काय असते हे त्याला ठाऊक असतं; तिचं नाव वेळेवर सापडत नाही. भाषाविकासात अडचण असलेल्या अनेक मुलांचं असं होतं. इंग्लंडमधल्या २०१६च्या एका पाहणीत, दुसरं कोणतंही निदान नसताना भाषेची लक्षणीय अडचण असलेली मुलं ७ टक्क्यांच्या आसपास निघाली. घरात मात्र याला आळस किंवा हट्ट समजतात आणि ‘नीट बोल, मग देईन’ असा दम देतात. हा त्या मुलावर अन्याय आहे. ताण वाढला की शब्द आणखीच दूर जातो.

मूल कुठे अडतं, हे त्याच्या चुकीतूनच कळतं. कात्रीला ते ‘सुरी’ म्हणालं, तर अर्थाच्या बाजूने मदत हवी: भाजी कशाने चिरतात, कागद कशाने कापतात, कुठली वस्तू कुठे ठेवतात, यावर गप्पा माराव्यात. ‘कारती’ म्हणालं, तर शब्दाचा ध्वनी पक्का बसलेला नाही. तिथे टाळी वाजवत ‘का-त्री’ म्हणणं उपयोगी पडतं.

ऐन वेळी आधी थांबावं, निदान मनात पाचपर्यंत आकडे मोजून होईतो. मग ‘शिवणाच्या डब्यात असते ती’ असा धागा द्यावा, मग ‘का…’ एवढाच पहिला आवाज. तरीही जमलं नाही, तर शब्द सरळ सांगून टाकावा आणि बोलण्यात पुन्हा पुन्हा येऊ द्यावा: ‘ही घे कात्री. कात्रीने फूल कापू या.’ ‘याला काय म्हणतात?’ची सरबत्ती ही परीक्षा झाली, गप्पा नव्हेत.

‘मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे ही अडचण जडत नाही. उलट आजीची भाषा तोडली, तर मुलाच्या कानावर पडणारे शब्दच घटतात.

दोन वर्षांचं मूल ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणत थांबू नये. आधी कान तपासावेत. वरचेवरच्या सर्दीने पडद्यामागे पाणी साचूनही कमी ऐकू येतं. मग स्पीच थेरपिस्ट गाठावा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, तेव्हा मुलाच्या बोलण्याविषयी त्यांना आवर्जून सांगावं. पुढच्या मोफत तपासणीसाठी ती जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात.