शहर कोणाच्या वावरात वाढतं?



दिवाळी झाली की मानोरा-मालेगावकडच्या आपल्या गावांतली माणसं लेकरंबाळं घेऊन कामाला निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याला, कोणी पनवेल-खारघरच्या बिल्डिंगीवर. परत आल्यावर पोरं सांगतात, "काय शहर हाय! दर साली नवंच दिसते." शहर दिसतं, त्याच्या खालची वावरं दिसत नाहीत.

मुंबईत जागा पुरेना म्हणून सरकारनं १९७० साली सिडको काढली. खाडीपलीकडं नवी मुंबई बसवायला ९५ गावांची जमीन घेतली. भातशेती गेली, मिठागरं गेली. दि. बा. पाटलांच्या मागं शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढंही लढा चालू राहिला, तेव्हा कुठं १९९० साली साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं.

पण ती कोणाला? सातबाऱ्यावर नाव होतं त्याला. मिठागरात राबणारा, डोंगरालगत दळी कसणारा कातकरी, यांचं नाव त्या कागदावर कुठून येणार?

आपलीही तीच गत आहे. आजा-पणजापासून वावर वाहतो, कागदावर मात्र 'अतिक्रमण'. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. रस्त्यामागून प्लॉट येतात, गोदामं येतात. तेव्हा सातबारावाल्याला भाव विचारतील, आपल्याला 'उठा' म्हणतील.

शहर वाढलं तर मजुरी मिळते, हे खरं. त्या पैशावर आपलीही चूल पेटते. पण मजुरी बुडाली तर आज गावी परतता येतं. वावर गेल्यावर कुठं परतायचं?

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो : १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासीचा हक्क मान्य करा, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला उठवू नका. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. चराई, तेंदू, मोहासाठी गावाचा सामूहिक दावाही करता येतो. या सगळ्याची सुरुवात ग्रामसभेत होते, आणि तिथं निम्मी माणसं हजर लागतात. अर्धं गाव कामावर गेलं की सभा होत नाही, दावे पडून राहतात.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : यंदा आधी ग्रामसभा, मग मुकादमाची उचल. दावा द्या, पोच घ्या. फेटाळला तर लेखी कारण मागा आणि साठ दिवसांच्या आत अपील करा. कामाला जाताना पोच घरी जपून ठेवा, मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ती कुठं आहे ते सांगून जा.