बाळाची दुपारची झोप: जबाबदारी कोणाची?

‘बाळ दिवसा झोपतच नाही, अर्ध्या तासात उठून बसतं.’ वस्तीतल्या बैठकीत एखादी नवी आई हे सांगते, आणि लगेच सल्ल्यांचा पाऊस पडतो. नजर लागली असेल, तुझं दूध पुरत नसेल, सारखी उचलून घेतेस म्हणून सवय लागली. सासू, शेजारीण, दवाखान्यातली ताई, सगळ्यांचा रोख एकच: आईचे काहीतरी चुकते आहे. ही समजूत आपण चळवळीतल्या बायकांनी तरी तपासून पाहायला हवी, असे मला वाटते.

आधी बाळाचे काय ते पाहू. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ५० मिनिटांचे, म्हणजे मोठ्या माणसाच्या आवर्तनापेक्षा बरेच लहान असते. आवर्तन संपत आले की बाळ चाळवते आणि पुष्कळदा पुरते जागे होते. पाच-सहा महिन्यांपर्यंत तीस-चाळीस मिनिटांची डुलकी हा दोष नसतो. ही गोष्ट प्रत्येक आईला बाळंतपणाच्या आधीच कोणीतरी सांगायला हवी.

तरीही झोप थोडी लांबवता येते. जांभई आली, डोळे चोळू लागले की लगेच निजवावे. फार दमलेले बाळ उलट किरकिरते. पोट भरलेले असावे, खोलीत अंधार असावा, निजवण्याचा क्रम रोज सारखा असावा. उताणे निजवावे, जवळ उशी किंवा सैल दुपटी ठेवू नयेत. बाळ चाळवले की झटकन उचलू नये. छातीवर हलका हात ठेवून दोन-चार मिनिटे थोपटले तर ते पुष्कळदा पुन्हा झोपी जाते.

आता ही यादी पुन्हा वाचा. अंधारी, शांत जागा हवी आणि बाळ चाळवेल त्या क्षणी जवळ बसलेले मोकळे माणूस हवे. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे शेजारचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो आणि दुपारीच नळाला पाणी येते, तिथे ही जागा कुठून आणायची? साडीची झोळी बांधली तरी बाळाची मान छातीवर दुमडत नाही ना, हे पाहायला माणूस लागतेच. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ असे आईला सांगतात. पण त्याच अर्ध्या तासात तिला भांडी, कपडे, भाकरी उरकायची असते.

हा प्रश्न नवा नाही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी केली. त्यांच्या तान्ह्या मुलांना सर्रास अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. अफूची ती ‘बाळागोळी’ दिली की आई गिरणीतून परतेपर्यंत बाळ निपचित पडून राही. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळाजवळ बसणारे कोणी नव्हते आणि मजुरी सोडली तर चूल पेटत नव्हती.

आजही काही घरांत सर्दीचे, गुंगी आणणारे औषध बाळाला झोपवण्यासाठी पाजतात. त्याने श्वास मंदावू शकतो, जिवावर बेतू शकते. हे कधीही करू नये. पण नुसते दटावून आपले काम संपत नाही. त्या दुपारी तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हेही विचारायला हवे.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा द्यावी लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. पण चार घरची धुणीभांडी करणारी, घरी बसून माळा ओवणारी बाई कोणत्या मालकाकडे पाळणाघर मागणार? तिच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये येतात. एकीला सहा महिन्यांचा पगार, दुसरीला एवढेच. बाळे मात्र दोघींची सारखीच झोपतात आणि सारखीच उठतात.

आणि घरातला पुरुष? २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुष मात्र सुमारे २१ टक्के. करणाऱ्यांतही स्त्रीचा वेळ दिवसाला १४० मिनिटे, पुरुषाचा ७४. थोपटायला दूध लागत नाही, हात लागतो. सुट्टीच्या दिवशी दुपारची एक झोप बापाने सांभाळावी, हे मागायला कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

माझे म्हणणे एवढेच, की बाळाच्या झोपेचा प्रश्न आपण ‘संगोपनाच्या टिपा’ या सदरातून काढून मागण्यांच्या यादीत घालावा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. आपल्या वस्तीत ते आहे का, नसेल तर का नाही, हे प्रत्येक गटाने बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी विचारावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी असंघटित बायकांना मजुरीइतकी प्रसूती-भरपाई मागावी. आणि पुढच्या बैठकीत एखादी नवी आई तक्रार घेऊन आली, तर सल्ला देण्याआधी तिला विचारावे: ‘दुपारी तुझ्याजवळ कोण असतं गं?’