ईदच्या गोष्टीतली मुलगी



शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. झोके, फेर, माहेरी आलेल्या लेकी हे सगळे मुलांच्या मराठी पुस्तकांतही भेटते. पण शिराळ्यातल्या मुस्लीम मुलीला तिचा रमजान त्या पुस्तकांत कितीसा सापडतो? बहुधा एका चित्रापुरता. टोपी घातलेला मुलगा, चंद्रकोर, शिरखुर्म्याची वाटी. शेजारच्या हिंदू मुलीलाही तेवढेच कळते.

सांगण्यासारखे तर खूप आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना नसतो. म्हणून पंचमी श्रावण सोडत नाही, पण रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मोहरम हा आनंदाचा सण नव्हे. इ.स. ६८० मध्ये करबला येथे मारल्या गेलेल्या हुसेन यांचे ते स्मरण आहे. आपल्याच सांगली जिल्ह्यात कडेगावच्या उंच ताबुतांच्या मोहरममध्ये हिंदूही सहभागी होतात.

पण नुसती माहिती देऊन भागणार नाही. सहेरीसाठी सगळ्यांच्या आधी कोण उठते? स्वतः रोजा धरून इफ्तारीचे कोण रांधते? वडील आणि भाऊ ईदगाहवर जातात, तेव्हा मुलगी कुठे असते? पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, राहिलेले रोजे पुढे धरायचे असतात. हे तिला मोकळेपणी कोण सांगते? यावरून मुस्लीम घरांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. गौरी-दिवाळीच्या पुस्तकांनाही आपण हेच विचारायला हवे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. लहानगा हमीद जत्रेत खेळणी, मिठाई सोडून तीन पैशांत आजी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना तिची बोटे पोळतात. सणाच्या गोष्टीत बाईचा पोळलेला हात तेव्हाच दिसला होता. आता हमीदच्या बहिणीची गोष्ट हवी.

ती बाहेरच्या कोणी लिहून चालणार नाही. आपल्या गटांतल्या मुस्लीम मैत्रिणींनी आपल्या लहानपणचा रमजान सांगावा, दखनी मिसळलेल्या आपल्याच बोलीत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे इतरांनी शब्द न बदलता उतरवून घ्यावे. ते शाळेत, बालवाडीत मुलांना वाचून दाखवावे. एकमेकींच्या घरातले कष्ट ओळखीचे वाटले, तर त्या घरांविषयी भलतेसलते सांगणाऱ्यांवर आपल्या मुली सहजी विश्वास ठेवणार नाहीत.